बलाचे एकक की बलाचे परिमाण?

‘बलाचे परिमाण न्यूटन आहे’ आणि ‘बलाचे एकक न्यूटन आहे’ अशी दोन्ही वाक्ये वाचनात येतात, तर त्यांतले बरोबर कोणते, असा प्रश्न आहे. शास्त्रीय लेखनात ‘एकक’च लिहावे, असे माझे मत आहे.

व्युत्पत्तीचा आधार घेऊन मात्र हा निवाडा करता येणार नाही. परिमाण, प्रमाण, मान, मात्रा, मापन हे सगळे शब्द ‘मा’ म्हणजे मोजणे या एकाच धातूपासून आलेले असल्यामुळे ‘परिमाण’ कोणी एककाच्या अर्थाने वापरला, तर त्यात नवल नाही. अडचण येते ती या शब्दावर आधीच दुसरे काम सोपवलेले असल्यामुळे. सदिश राशीला परिमाण आणि दिशा ही दोन्ही असतात, असे आपण शिकतो. तेथे परिमाण म्हणजे राशी किती आहे ते. पान्याच्या टोकाशी 20 न्यूटन बल लावले, तर त्या बलाचे परिमाण 20 न्यूटन आणि एकक न्यूटन.

‘एकक’ हा शब्द मला विशेष नेमका वाटतो, कारण एकक-दशक-शतक यांतलाच हा एकक आहे : मोजताना ज्याला ‘एक’ धरायचे, ते. 1 किलोग्रॅम म्हणजे किती, हे पूर्वी प्लॅटिनम-इरिडियमच्या एका ठोकळ्यावरून ठरत असे आणि 20 मे 2019 पासून ते प्लांकचा स्थिरांक या भौतिकशास्त्रातील न बदलणाऱ्या राशीवरून ठरते. व्याख्या बदलली, तरी 5 किलोग्रॅम म्हणजे त्या ‘एका’ची पाचपट, हे नाते तसेच राहिले.

खरा घोळ तिसऱ्या अर्थाने होतो. लांबी, वस्तुमान, काळ या मूलभूत राशींपासून एखादी राशी कशी घडली आहे, यालाही काही जण परिमाणच म्हणतात. मी त्यासाठी ‘मिती’ वापरतो. वरचाच पाना अर्धा मीटर लांब असेल आणि बल त्याला काटकोनात लावले असेल, तर टॉर्क, म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम, 10 न्यूटन-मीटर होतो. कार्याचे, आणि म्हणून ऊर्जेचे, एककही न्यूटन-मीटरच, आणि त्यालाच आपण ज्यूल म्हणतो. दोन्ही राशींची मिती एकच असली, तरी टॉर्क ही ऊर्जा नसल्यामुळे तो ज्यूलमध्ये सांगत नाहीत. म्हणजे मिती कळली, तरी एकक कोणते लिहायचे हे तेवढ्यावरून ठरत नाही.

याच्या उलट उदाहरण कोनाचे. कंसाची लांबी भागिले त्रिज्या, म्हणजे लांबीला लांबीनेच भागलेले, म्हणून कोनाला मिती नाही. पण रेडियन हे एकक आहे. येथे एकक आणि मिती या दोहोंसाठी ‘परिमाण’ वापरला, तर ‘कोन ही परिमाणरहित राशी असून तिचे परिमाण रेडियन आहे’ असे विचित्र वाक्य पदरी पडते. ‘कोन ही मितिरहित राशी असून तिचे एकक रेडियन आहे’ यात काहीच खटकत नाही.