क्रेडिट कार्डाचा अर्ज नेमका केव्हा करावा?

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी मी नोकरी बदलली. पगार वाढल्यामुळे एका बँकेकडे क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला, पण तो नामंजूर झाला. त्याच आठवड्यात आणखी दोन बँकांकडे अर्ज केले, तिथूनही नकारच आला. माझ्याकडे आधीचे एक कार्ड आहे आणि त्याचे संपूर्ण बिल मी दरमहा मुदतीत भरते. पुढच्या वर्षी घरासाठी कर्ज घेण्याचा विचार आहे. कार्डासाठी पुन्हा अर्ज केव्हा करावा? महिन्यातला एखादा दिवस त्यासाठी अधिक योग्य असतो का?

उत्तर : बिले वेळच्या वेळी भरूनही लागोपाठ तीन नकार यावेत, याचे आपल्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या तीन नकारांची तीन वेगळी कारणे शोधत बसू नये. पहिल्या बँकेला जे खटकले तेच पुढच्या दोघींनाही दिसले असावे, आणि त्यात आपल्या आधीच्या अर्जांची भर पडली असावी, अशी शक्यता अधिक आहे.

कार्डाचा अर्ज हाती आला की बँक पतमाहिती कंपनीकडून, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून, आपला क्रेडिट रिपोर्ट मागवते आणि या मागणीची नोंद त्याच रिपोर्टमध्ये ‘चौकशी’ म्हणून होते. रिपोर्टमधला चौकशांचा तक्ता आपण एकदा बारकाईने पाहावा. प्रत्येक ओळीत संस्थेचे नाव आणि तारीख असते. भारतातल्या रिपोर्टमध्ये चौकशी कोणत्या कर्जासाठी होती आणि किती रकमेची होती हेही असते. अर्ज मंजूर झाला की नामंजूर, हे मात्र त्या तक्त्यात कुठेही लिहिलेले नसते. म्हणजे तिसऱ्या बँकेला आपले नकार दिसले नाहीत. तिला दिसले ते इतकेच की, चार-सहा दिवसांत दोन बँकांनी चौकशी केली आहे आणि नवे खाते कुठेच उघडलेले नाही. यातून तिने काढण्यासारखे दोनच निष्कर्ष असतात: एक तर त्या बँकांनी अर्ज फेटाळले, किंवा ती कार्डे लवकरच रिपोर्टवर येणार आहेत. दोन्ही परिस्थितींत ती हात आखडता घेते. एका नकारानंतर लगेच दुसरीकडे नशीब आजमावणे नुकसानीचे ठरते ते यामुळेच.

या चौकशांचा भार कायमचा नसतो. स्कोअर म्हणजे रिपोर्टवरून आपल्या पतीला दिलेले गुण. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या फायको या स्कोअरच्या पद्धतीत चौकशी रिपोर्टवर दोन वर्षे दिसते, पण गुण ठरवताना शेवटच्या 12 महिन्यांतल्याच चौकशा मोजल्या जातात. इतर पद्धतींत मुदती वेगळ्या असल्या, तरी ताजी चौकशी जड आणि जुनी हलकी हे तत्त्व सगळीकडे सारखेच आहे. गृहकर्जासाठी थोड्या दिवसांत अनेक बँकांकडे व्याजदर विचारला, तर फायको त्या सगळ्या चौकशा एकच धरते; कार्डांच्या अर्जांना ही सवलत नाही, तिथे प्रत्येक अर्ज वेगळा मोजला जातो. काही बँकांचे स्वतःचेही दंडक असतात. अमेरिकेतल्या चेस बँकेचा ‘5/24’ या नावाने ओळखला जाणारा अलिखित नियम प्रसिद्ध आहे: गेल्या 24 महिन्यांत कोणत्याही बँकांची मिळून पाच किंवा अधिक नवी कार्डे घेतली असतील, तर ती बहुतेक कार्डांचे अर्ज नाकारते. असा दंडक आडवा आला, तर उत्तम स्कोअरचाही उपयोग होत नाही.

पुन्हा अर्ज करण्याआधी पहिल्या नकाराचे कारण लेखी मागून घ्यावे. भारतात रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्ड देणाऱ्या संस्थेने नकाराचे नेमके कारण अर्जदाराला लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि अमेरिकेतही कायद्याने हे कारण मागता येते. ते हाती आले की किती थांबायचे हे आपोआप ठरते. कारण ‘अलीकडे अनेक चौकशा’ असे असेल, तर माझ्या मते निदान सहा महिने कोणताही अर्ज करू नये. रिपोर्टमध्ये दुसऱ्याचेच कर्ज आपल्या नावावर दिसत असेल किंवा फेडलेले कर्ज थकीत दाखवले असेल, तर आधी ती चूक दुरुस्त करून घ्यावी. तोपर्यंत सहा महिने थांबूनही उपयोग नाही. भारतात प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट विनामूल्य मिळतो, आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

आपल्या बाबतीत नवी नोकरी हेही एक कारण असू शकते. पगार वाढला असला, तरी बँक त्याच्या रकमेइतकेच त्याच्या सातत्याकडे पाहते आणि अनेक बँका मागच्या काही महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागतात. परिविक्षा काळ (प्रोबेशन) संपून नोकरीत कायम झाल्याचे पत्र मिळाले की अर्जाला बळ येते. जुन्या नोकरीतला पत्ता किंवा फोन क्रमांक बँकेच्या नोंदीत राहिला असेल, तर तोही आधी बदलून घ्यावा, कारण पडताळणीत जुळत नाही एवढ्यावरूनही अर्ज परत येतात.

आता महिन्यातल्या दिवसाविषयी. आपण बिल पूर्ण भरता, तरीही रिपोर्टमध्ये मोठी बाकी दिसत असण्याची शक्यता आहे, कारण बँक पतमाहिती कंपनीला जी शिल्लक कळवते ती बिल भरल्यानंतरचीच असते असे नाही. बहुधा ती बिल तयार झाल्या दिवसाची किंवा बँकेच्या ठरलेल्या तारखेची असते. समजा, आपण कार्डाच्या खर्चमर्यादेच्या सत्तर टक्के रक्कम खर्च केली, पाच तारखेला बिल तयार झाले आणि पंचवीस तारखेला आपण ते पूर्ण भरले. मधल्या वीस दिवसांत एखाद्या बँकेने रिपोर्ट मागवला, तर तिला सत्तर टक्के मर्यादा वापरलेली व्यक्ती दिसू शकते, आणि तिला ती पैशांच्या ओढाताणीत सापडलेली वाटते. म्हणून अर्ज करायच्या आधीच्या महिन्यात खर्च आवरता ठेवावा, बिल तयार होण्याच्या तीन-चार दिवस आधीच बरीचशी रक्कम भरून टाकावी आणि घटलेली शिल्लक रिपोर्टवर उमटल्याची खात्री झाल्यावरच अर्ज करावा. वापर मर्यादेच्या तीस टक्क्यांखाली असावा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. दहा टक्क्यांच्या आसपास राहिला तर अधिक चांगले. भारतात 1 जानेवारी 2025 पासून कर्जदात्या संस्थांना निदान दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते, त्यामुळे हा बदल पूर्वीपेक्षा लवकर दिसतो. याखेरीज कोणत्याही वाराला किंवा तारखेला महत्त्व नाही.

राहिला घराच्या कर्जाचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातला तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. गृहकर्जाचा अर्ज वर्षभरात करायचा असेल, तर तोवर नवे कार्ड घेऊच नये. नव्या खात्यामुळे आपल्या खात्यांचे सरासरी वय घटते आणि एक चौकशी वाढते, आणि स्कोअर थोडासा घसरून व्याजदर किंचित जरी वाढला, तरी वीस वर्षांच्या हप्त्यांत तो फरक कार्डावरच्या कोणत्याही सवलतीपेक्षा मोठा ठरतो. कर्ज मंजूर झाल्यावरही रक्कम प्रत्यक्ष हाती येईपर्यंत थांबावे, कारण त्याआधी बँक पुन्हा एकदा रिपोर्ट पाहू शकते.

प्रश्न : बँकेने स्वतःहून ‘आपले कार्ड पूर्वमंजूर आहे’ असे कळवले, तरीही अर्ज नाकारला जाऊ शकतो का?

उत्तर : होय. पूर्वमंजुरीचा निरोप बँकेकडे असलेल्या जुन्या किंवा वरवरच्या माहितीवर आधारलेला असतो आणि अर्ज केल्यावर संपूर्ण तपासणी होऊ शकते. तरीही आपले पगाराचे किंवा बचतीचे खाते ज्या बँकेत आहे, तिच्याकडून असा निरोप आला असेल तर मंजुरीची शक्यता पुष्कळ अधिक असते, कारण आपल्या खात्यातली आवकजावक ती रोज पाहत असते. अनोळखी क्रमांकावरून फोन आला तर मात्र त्यावर माहिती देऊ नये. बँकेच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा शाखेत तो प्रस्ताव खरोखर दिसतो का ते पाहावे आणि अर्ज करताच चौकशीची नोंद होणार आहे का, हेही तिथेच विचारून घ्यावे.