पाढ्यांच्या सरावासाठी फुकटचं, पण चांगलं

ताई, मुलांच्या पाढ्यांच्या सरावाची सीडी शोधत सीताबर्डीच्या बाजारात उन्हात फिरू नका. सरळ जीकॉम्प्रिस हा संगणकावरच्या शैक्षणिक खेळांचा संच उतरवून घ्या. २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी आहे. मोजणी, घड्याळ, सुटे पैसे, सगळं त्यात. पण माझा जीव टक्समॅथ या गणिताच्या खेळावर. वरून उल्का पडतात, तिच्यावरच्या गणिताचं उत्तर टाइप केलं की फुटते. पाढे म्हणायला कुरकुरणारी आमची तिसरीची पोरं आता 'अजून एक डाव, सर' म्हणून मागं लागतात. आवाज मात्र बंद ठेवा बाप्पा, शेजारचा वर्ग वैतागतो! सुरुवातीला नुसत्या बेरजेचा धडा निवडा, गुणाकार नंतर. एकदा बसवलं की इंटरनेट लागत नाही. दोन्हींचा परवाना मुक्त आहे, म्हणून पालकांनाही पेनड्राइव्हवर बिनधास्त द्या.