‘तात्पुरतं’ हा शब्द आधी मागे घ्या

गोराईहून आलेल्या पत्रासोबत सात फोटो आहेत. सहा घराचे. उरणच्या यार्डातून आणलेला वीस फुटी कंटेनर, पाडलेल्या चाळीचे सागवानी दरवाजे, छपरावर सोलर, पागोळ्यांखाली निळी पिंपं, मागे बिनपाण्याचा संडास. सातवा फोटो नोटिशीचा, तोही अर्ध्याच पानाचा, आणि जिथे तारीख नि मुदत छापलेली असते नेमका तिथे पत्रलेखकाचा अंगठा.

मजकूर थोडक्यात असा: वडिलोपार्जित वाडी, सात-बारावर वडिलांबरोबर दोन काकांची नावं, वाटणी झालेली नाही. तिथे दीड वर्षापासून हे राहतात. विजेचं कनेक्शन नाही, कर्ज नाही, बिल्डर नाही. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसने महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 खाली नोटीस दिली. यांनी वकिलाकडे न जाता स्वतःच उत्तर लिहिलं: ‘सदर रचना तात्पुरत्या स्वरूपाची असून तिला पाया नाही, ती केव्हाही हलवता येईल.’ आता विचारतात, पायाच नाही तर बांधकाम कसलं, आणि कोर्टातून स्टे मिळेल का? कर्जत, मुरबाड, शहापूरकडे चार-पाच गुंठे घेऊन कंटेनर ठेवलेल्या मुंबईकरांची हाच प्रश्न विचारणारी पत्रं लॉकडाऊननंतर सतत येत असतात.

पायाचा मुद्दा सोडून द्या. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 सालचा. त्यातल्या ‘इमारती’च्या व्याख्येत घर, शेड, झोपडी सगळं येतं, मग ते विटांचं असो, लाकडाचं, मातीचं, धातूचं किंवा ‘अन्य कोणत्याही साहित्याचं’. कंटेनर कुणी पाहिलेला नव्हता तेव्हा ही व्याख्या लिहिली गेली आणि तरी तो तिच्यात चपखल बसतो. नगररचना कायद्यात तर जमिनीच्या वापरातला बदल हाही ‘विकास’च. वाडीत माणूस राहायला लागला की वापर बदलला. संपला वाद.

खरी गोष्ट कलम 53 च्या पोटकलम 3 मध्ये आहे आणि ती तुमच्या पत्रात कुठेच नाही. नोटीस मिळालेल्या माणसाला नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत कलम 44 खाली परवानगीचा अर्ज करता येतो, म्हणजे ‘जे उभं आहे ते राहू द्या’ असा अर्ज. तो दाखल झाला की त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत निव्वळ त्या नोटिशीच्या जोरावर तुमचं घर हलवता येत नाही. लोक ज्या स्टेसाठी कोर्टाचे उंबरे झिजवतात तो इथे कायद्यानेच देऊन ठेवला आहे, अट एकच, मुदतीची. मुदत किती? ती तुमच्या अंगठ्याखाली आहे. काही नोटिशींत महिना असतो, काहींत चोवीस तास. सोलरच्या बॅटऱ्या किती अँपिअर-अवरच्या हे तुम्ही तीन ओळींत लिहिलंत. नोटीस कोणत्या तारखेला हातात पडली ते लिहायला अर्धी ओळ लागली असती. तुमचं ते उत्तर हा अर्ज नव्हे. पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या, म्हणजे अशा प्रकरणांसाठी महापालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने तुम्ही आजवर काहीही मागितलेलं नाही.

मागितलेलं तर नाहीच, उलट एक गोष्ट देऊन बसलात. याच कायद्याचं कलम 55 वाचा. ते ‘तात्पुरत्या स्वरूपाच्या’ अनधिकृत विकासाबद्दल आहे. तिथे लेखी आदेश निघतो, पंधरा दिवसांत काढा म्हणून. नाही काढलं तर पोलीस आयुक्तांच्या मदतीने थेट उचललं जातं. ‘राहू द्या’ असा अर्ज करण्याची सोय त्या कलमात दिलेलीच नाही. आणि अमुक एक काम तात्पुरतं की कायमचं याबाबत नियोजन प्राधिकरणाचा, म्हणजे इथे महापालिकेचा, निर्णय अंतिम, असं तिथेच म्हटलं आहे. ‘तात्पुरतं’ म्हटलं की सुटका, असं लोकांना वाटतं. या कायद्यात तो शब्द उलटा चालतो. कायमच्या घराला निदान दाद मागायला दार आहे, तात्पुरत्याला तेही नाही. तुम्हाला कलम 55 चा आदेश आलेला नाही आणि येईलच असं मी म्हणत नाही. पण तो काढायचा झाला तर पुरावा म्हणून तुमचंच सहीचं पत्र फायलीला लागलेलं आहे.

तेव्हा आधी तो शब्द मागे घ्या. खोटं लिहायला सांगत नाही. ही जागा सोडायचीच असेल तर तात्पुरतंच म्हणा, क्रेन बोलवा आणि हा लेख इथेच बंद करा. राहायचं असेल तर ते घर आहे असं कागदावर म्हणण्याची हिंमत हवी. अर्जात स्पष्ट लिहा की आधीचं उत्तर कायदेशीर सल्ल्याशिवाय दिलं होतं, ‘हलवता येईल’ हे कंटेनरच्या बनावटीबद्दल होतं, आणि ती रचना तात्पुरती असल्याची कबुली नव्हती. अधिकारी ते मान्य करतीलच याची हमी नाही, पण फायलीत दुसरी बाजू तरी राहील.

अर्ज परवानाधारक आर्किटेक्टमार्फत करा, आणि सात-बारावर नावं असलेल्या सगळ्यांची लेखी संमती जोडा. विरारच्या काकांशी बोलणं नाही, असं तुम्ही ओघात लिहून गेलात. प्रकरण अडकलंच तर सोलर किंवा संडासाआधी या अबोल्यावर अडकेल. दीड वर्षापूर्वी कंटेनर क्रेनवरून उतरत होता तेव्हा काकांना चहाला बोलवलं असतंत तर आज सहीसाठी जावं लागलं नसतं.

मापांकडेही बघावं लागेल. वीस फुटी कंटेनर आतून साधारण 2.35 मीटर रुंद आणि 2.39 मीटर उंच असतो. एकच खोली असेल तर राहण्याच्या खोलीला किमान साडेनऊ चौरस मीटर क्षेत्रफळ, 2.4 मीटर रुंदी आणि 2.75 मीटर उंची लागते. क्षेत्रफळात तुम्ही आरामात पास. रुंदीत पाच सेंटिमीटरने नापास, उंचीत त्याहून जास्त. उंच प्रकारचा ‘हाय क्यूब’ घेतला असतात तरी पाचसहा सेंटिमीटर कमीच पडले असते, त्यामुळे त्याची हळहळ नको. छप्पर कापून उचलायचं, एक बाजू उघडून जोडखोली काढायची की सवलत मागायची, हे आर्किटेक्टने ठरवावं. सवलतीचा अधिकार आयुक्तांना काही बाबतींत असतो, तो तुमच्यासाठी वापरला जाईल की नाही यावर मी पैज लावणार नाही. बीडीडी चाळीत शंभर वर्षं अख्खी कुटुंबं 160 चौरस फुटांत राहिली, तेवढ्याच मापाचा तुमचा कंटेनर आहे. पण चाळीतली खोली सरकारने बांधलेली होती आणि तुमची तुम्ही आणलेली.

जागेचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात ती जागा कशासाठी दाखवली आहे याचा दाखला, मात्र अर्जाआधी काढा. गोराई म्हटलं की खाडी आली, आणि सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, पट्ट्यात वाडी येत असेल तर वेगळी परवानगी, वेगळी यंत्रणा आणि बहुधा वेगळं उत्तर. तिवरांपासून पन्नास मीटरच्या आत असाल तर, मुंबई उच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल पाहता, अर्जावर पैसे घालवू नका. फोटोत मागे जी हिरवी रेघ दिसते ती तिवरांची नसावी एवढीच इच्छा.

कोर्टाबद्दल. अर्ज न करता दाव्याला धावलात तर पहिला प्रश्न येईल, कायद्याने दिलेला मार्ग का वापरला नाही? त्याला तुमच्याकडे उत्तर नाही. शिवाय दिवाणी न्यायालयात तारीख मिळेपर्यंत पाडकामाचं पथक वाट पाहत थांबत नसतं. मी अशी प्रकरणं पाहिली आहेत ज्यांत मनाईच्या अर्जावर युक्तिवाद झाला तेव्हा वाचवायला काही उरलंच नव्हतं. अर्ज फेटाळला गेला तर आदेश कळल्यापासून चाळीस दिवसांत कलम 47 खाली राज्य सरकारकडे अपील आहे. तेव्हा तरी तारीख लिहून ठेवा. ‘साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात’ असं कुणीतरी सांगेलच. ते नियमांत बसणाऱ्या बांधकामापुरतं असतं, त्यावर विसंबून गप्प बसू नका. नोटिशीतली मुदत उलटली असेल तरी कारण देऊन अर्ज करा. संरक्षण मिळेल असं सांगता येत नाही, पण हातात काहीच नसण्यापेक्षा ते बरं. कलम 52 खाली खटलाही होऊ शकतो आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे, हेही डोक्यात असू द्या.

शेजारचे बंगलेसुद्धा अनधिकृत आहेत, हे अर्जात घालू नका. दुसऱ्याच्या बेकायदेशीरपणातून तुम्हाला हक्क मिळत नाही. मालमत्ता कर लावून घेतला तरी बांधकाम अधिकृत होत नाही. सोलरचं म्हणाल तर स्वतःपुरती वीज तयार करायला परवाना लागत नाही. पत्रात सर्वांत जास्त काळजी तुम्ही तिचीच केली आहे. ती सोडा.

कर्जत-मुरबाडवाल्यांसाठी दोनच वाक्यं. शेतघर म्हणून वाचवायचं तर शेतजमीन किमान 0.4 हेक्टर, म्हणजे जवळजवळ एकर लागते; तुमच्या पाच गुंठ्यांत ते बसत नाही, आणि शेतकरी नसताना घेतलेल्या पाच गुंठ्यांचा व्यवहार टिकतो का हे कंटेनरच्या आधी तपासा. खाली चाकं लावून ‘गाडी आहे’ म्हणायचा बेत असेल तर आधी आरटीओत जाऊन तशी नोंदणी होते का विचारा, नुसत्या चाकांनी गाडी होत नाही.

गोराईकरांनी आज रात्री काकांना फोन करावा, उद्या सकाळी आर्किटेक्टला गाठावं आणि अर्जाची प्रत वॉर्ड ऑफिसच्या आवक खिडकीवरही द्यावी. पोच घेताना शिक्क्यावरची तारीख वाचता येते ना, हे खिडकी सोडण्यापूर्वी पाहून घ्या.