सिस्टरांच्या शाळेतल्या दोन मुलींचा खर्च उचलू का? एफडी मोडायच्या आधी हे वाचा

ताई, तुमचा मेल वाचला. डहाणूकडच्या सिस्टरांच्या, म्हणजे ख्रिस्ती नन्सच्या, बोर्डिंगमधल्या दोन आदिवासी मुलींचा पाचवी ते दहावीचा खर्च उचलायचाय, एकीचे वर्षाला 30 हजार, त्यासाठी 5 लाखांची एफडी मोडून सगळे पैसे एकदम देऊन टाकावेत असं तुमच्या मनात आहे आणि मिस्टर म्हणतायत आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, फुकट होतं की, मग कशाला. माझं मत स्पष्ट सांगते, द्या, नक्की द्या, पण आत्ता एकाच मुलीची जबाबदारी घ्या आणि रक्कम एकदम देऊ नका.

आधी मिस्टरांचा मुद्दा. आरटीईत खासगी शाळांनी गरीब मुलांसाठी ठेवायच्या 25 टक्के जागा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये अनुदानित-विनाअनुदानित दोन्हींना त्यातून वगळलंय, आणि मिशनची शाळा त्यातच येते. म्हणजे तो रस्ता बंद. पण शाळा अनुदानित आहे का हे जरूर विचारा, कारण तसं असेल तर शिक्षकांचे पगार सरकार देतं, फी नावालाच असते, मग तुमचे 30 हजार खरं तर बोर्डिंगला जातात, म्हणजे जेवण, वह्या, युनिफॉर्म, सुट्टीत घरी जायचं एसटीचं भाडं. तेही तितकंच मोलाचं आहे बरं का! त्या भागात दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पोरंही सोबत जातात आणि शाळा सुटते ती सुटतेच, मुलगी बोर्डिंगला असली की निदान वर्ष तरी पूर्ण होतं.

आता हिशोब. खर्च दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढेल असं धरा, म्हणजे आजचे 30 हजार दहावीच्या वर्षी 44 हजार होतात, सहा वर्षांचे एकीचे साधारण 2 लाख 20 हजार, दोघींचे 4 लाख 40. तुमचा घरखर्च महिना 50 हजार, सहा महिन्यांचे 3 लाख हाताशी हवेतच कारण मिस्टरांची नोकरी प्रायव्हेट आहे. एफडीतले उरले 2 लाख, ते व्याजासकट एका मुलीला दहावीपर्यंत बरोबर पुरतात. दोघींना हो म्हणालात आणि आठवीत असताना पैसे आटले तर त्या पोरीने काय करायचं? मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. गाडीचा 9 हजारांचा हप्ता दीड वर्षात संपतोय ना, तो संपला की त्याच पैशातून दुसरी मुलगी घ्या, तेव्हा आरामात जमेल.

एफडी मोडून 3 लाख आणि 2 लाख अशा दोन करा, दोन लाखवालीत दरवर्षी थोडे काढता येतील अशी सोय बघा. पैसे दर जूनला, संस्थेच्या खात्यात, ऑनलाइन. पालकांच्या हातात नको, रोखही नको, 2 हजारांच्या वर रोख दिलं तर 80जी, म्हणजे देणगीवरची टॅक्स सवलत, मिळत नाही. चर्चमध्ये मिस्साच्या (प्रार्थनेच्या) वेळी कलेक्शनमध्ये टाकलेले पैसे यात धरू नका, त्याची पावती नसते. संस्थेकडे 80जी असेल तर साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते, देणगीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 10बीई, मागून घ्या, पण हे फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत, तुम्ही नवीन घेतलीय म्हणून तुम्हाला शून्य. तेवढ्यासाठी जुन्यात परत जायचा विचार करू नका, तुमच्याकडे होमलोनही नाही, उलटा टॅक्सच वाढेल.

आणि एक, सिस्टरांना आधीच विचारा की मुलगी मध्येच शाळा सोडून गेली तर उरलेले पैसे दुसऱ्या मुलीला लावणार का, आणि वर्षाला एकदा प्रगतीपुस्तकाची कॉपी पाठवणार का. दोन्ही ईमेलवर लिहून घ्या, मग पहिला हप्ता भरा.