दुर्मीळ कर्करोग आणि ‘विचारू तरी कुणाला?’

स्त्रीच्या जननेंद्रियांचा कर्करोग, त्यातही दुर्मीळ प्रकारचा निघाला, की समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेल्या बाईकडून बहुधा हेच येतं : “मॅडम, या आजाराचं नावच कुणी ऐकलेलं नाही. विचारू तरी कुणाला?” योनिमुखाचा कर्करोग असो की गर्भाशयाचा सार्कोमा, सोबतीण सापडत नाही आणि अवयवाचं नाव चारचौघांत घेण्याची पंचाईत.

शुभदाताई अशाच आल्या. (नाव बदललंय, तपशीलही काही जणींचे एकत्र केलेत.) पाळीच्या तक्रारीवरून तपासण्या झाल्या, अंडाशयातली गाठ काढली आणि रिपोर्टमध्ये आलं, ‘ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर’. त्या शब्दांखाली त्यांनी पेनाने इतक्या रेघा ओढल्या होत्या, की कागद फाटायला आला होता.

“रात्र रात्र वाचते मी. अंडाशयाचा कॅन्सर उशिरा कळतो, फार जणी वाचत नाहीत...”

“हे तुमच्या ट्यूमरबद्दल लिहिलं होतं?”

“तोही अंडाशयाचाच ना?”

अंडाशयाचाच, पण जात वेगळी. अंडाशयाच्या कर्करोगांत याचं प्रमाण 2 ते 5 टक्के. तो बहुधा पहिल्या टप्प्यातच सापडतो आणि त्या टप्प्यातल्या 90 टक्क्यांहून अधिक स्त्रिया पाच वर्षांनंतरही हयात असतात. मात्र तो दहा-वीस वर्षांनीही उलटू शकतो. मी दोन्ही सांगते. गोड तेवढंच सांगितलं, तर उरलेलं त्या रात्री एकट्याने वाचतात.

आकडा बदलला, पण भीती हलली नाही. मला ते अपेक्षितच होतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी भिस्त आहे. घटनेइतकंच, आपण तिच्याबद्दल स्वतःला काय बजावतो तेही छळतं. म्हणून मी विचारलं, “हे सगळं वाचून उद्या सकाळी तुम्ही काय वेगळं करणार असता?”

बराच वेळ गेला. “काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “कुणी ‘घाबरू नकोस’ असं लिहिलंय का, ते शोधते.”

सगळी गुंतागुंत इथे सुटली. माहितीच्या नावाखाली त्या आधार शोधत होत्या, आणि दोन्ही चुकीच्या दारात. डॉक्टरांना विचारायच्या, “मी बरी होईन ना?” आणि नवऱ्याला, “इन्हिबिन वाढलं म्हणजे काय?” (इन्हिबिन म्हणजे या ट्यूमरवर नजर ठेवायला रक्तात मोजतात ते संप्रेरक.) डॉक्टर तुटक बोलायचे, नवरा चिडायचा. बिचाऱ्याला येत नव्हतं हो उत्तर!

“मग नवऱ्याकडून काय हवंय तुम्हाला?”

“मी रात्री दचकून जागी झाले, तर ‘मला उठव’, एवढं म्हणावं त्यांनी.”

“त्यांना सांगितलंत?”

“सांगायला कशाला हवं? कळायला नको?”

हे ‘कळायलाच हवं’ माझ्या ओळखीचं आहे. माझं निम्मं काम तिथेच असतं. कळलं तर उत्तम, पण नाही कळलं तर सांगावं लागतं. त्यांनी सांगितलं. नवरा म्हणाला, “मला वाटायचं, विषय काढला तर तू खचशील.” दोघंही एकमेकांना जपत गप्प होते.

मग डॉक्टरांसाठी प्रश्न कागदावर उतरवले. दुर्मीळ निदान असलेल्या प्रत्येकीला मी हे करायला लावते. नेमका प्रकार आणि टप्पा कोणता? गाठीच्या नमुन्याच्या काचपट्ट्या दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टला दाखवाव्यात का? (जरूर विचारा, दुर्मीळ गाठी एकमेकींसारख्या दिसतात.) गाठ अखंड निघाली की फुटली? हा ट्यूमर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार करू शकतो, तेव्हा गर्भाशयाचं अस्तर तपासलं का? इन्हिबिनची रक्ततपासणी किती वर्षं करायची? आणि हे प्रश्न शक्यतो स्त्रियांच्या कर्करोगातल्या तज्ज्ञालाच विचारावेत. सोबत कुणी लिहून घेणारं असावं. घाबरलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं.

सोबतीण शोधायची तर रिपोर्टवरच्या पूर्ण नावाने. गट छोटे असतात, देशोदेशी विखुरलेले. तिथे कुणाची गोष्ट मनाला लावून घेण्याआधी तिचा प्रकार आणि टप्पा विचारावा. औषधं तर तिथून मुळीच उचलू नयेत. कुणीच सापडली नाही, तर दुसऱ्या कर्करोगातून गेलेली बाईही चालते. आजार वेगळा असेल, रिपोर्टची वाट पाहणं तेच असतं.

शुभदाताईंचं रात्रीचं वाचन पूर्ण सुटलेलं नाही. माझाही तसा आग्रह नाही. तपासणीच्या आधीचे दिवस कुणालाच धड झोप लागत नाही. आता त्या नवऱ्याला उठवतात, एवढंच.