रात्री दारावर थाप पडली तर

प्रश्न: फोंडा तालुक्यात आमचं जुनं कौलारू घर आहे. घरात मी आणि सत्तरीची आई. परवा रात्री दीड वाजता कोणीतरी दार ठोठावून म्हणू लागला, 'अपघात झालाय, फोन करायचाय.' आम्ही दिवे मालवून गप्प बसलो. चुकलं का? आणि दाराला साखळी पुरेल का?

उत्तर: दार उघडलं नाहीत, उत्तम. गप्प बसणं मात्र टाळा. घरात कोणी आहे की नाही हे बघायलाच चोर कधीकधी थाप मारतात.

आतला दिवा मालवा, बल्कांवातला (दारापुढच्या ओसरीतला) लावा. तुम्हाला तो दिसेल, त्याला तुम्ही दिसणार नाही. दाराच्या बाजूला, भिंतीआड उभं राहून मोठ्यानं विचारा, 'भायर कोण?' आईलाही आतून बोलू द्या. अपघात खरा असू शकतो, म्हणून जागा विचारून 108 ला तुम्हीच फोन करा आणि तसं त्याला सांगा. खऱ्या गरजूला तेवढं पुरतं. तरीही दार उघडण्याचाच हट्ट धरला, तर 112 वर पोलिसांना कळवा. शेजाऱ्यालाही कळवा, पण एकट्यानं बाहेर पडू नका म्हणावं. त्यानं आपल्या अंगणातले दिवे लावले तरी पुष्कळ. पुढच्या दारी बोलण्यात गुंतवून मागून शिरणारेही असतात, म्हणून स्वयंपाकघराचं दार निजण्याआधीच बघून घ्या.

साखळीच्या भरवशावर दार किलकिलं करू नका. साखळी सहसा तुटत नाही, तिचे अर्ध्या इंचाचे स्क्रू खांद्याच्या एका धक्क्यात चौकटीतून उपटून येतात. मेस्ताला (सुताराला) चौकटीत किमान दोन इंची स्क्रू मारायला सांगा, तेही स्टेनलेस स्टीलचे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत साधं लोखंड गंजतं. त्याआधी दारात बाहेर बघायचं भिंग बसवून घ्या, आईच्याही डोळ्यांच्या उंचीला. दुहेरी झडपांच्या दारात ते सांध्यावर नको, एका झडपेच्या मधोमध हवं.

जुन्या दारांचं खरं दुखणं पावसाळ्यात कळतं. लाकूड फुगतं, खिट्टी भोकात बसत नाही, मग घरचे नुसत्या कडीवर भागवतात. भोक दोन-तीन मिलिमीटर रुंद करून घ्या, किंवा सरळ आडवा अडसर लावा. वीज गेली की घंटा आणि बाहेरचा दिवा दोन्ही बंद, म्हणून बॅटरी उशाशी असू द्या.

प्रश्न: बाहेरचा माणूस 'पोलीस' म्हणाला तर? (डिचोलीहून एक वाचक)

उत्तर: दार बंद ठेवूनच नाव, हुद्दा आणि ठाणं विचारा, ओळखपत्र भिंगासमोर धरायला लावा. मग 112 वर खात्री करा. त्यानं दिलेल्या नंबरावर नव्हे. खरा पोलीस थांबतो. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीतच, आणि तीही महिला अधिकाऱ्यानं न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन. साक्षीदार म्हणून स्त्रीला जबाबासाठी ठाण्यावर यायला भाग पाडता येत नाही, घरी येऊनच विचारावं लागतं. झडतीचं वॉरंट दाखवलं, तर मात्र दार उघडणं कायद्यानं भाग आहे.