आक्काला ज्युरीचं बोलावणं

प्रश्न: वकीलताई नमस्कार. मी अमळनेरची, वय 66. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, लग्न होऊन 1979 साली इंग्लंडला लेस्टरला गेली, तिथं होजिअरीच्या कारखान्यात शिलाईवर तीसेक वर्षं काढली, आता 72 ची आहे, पासपोर्ट अजून भारताचाच. दरवर्षी डिसेंबरात भरताच्या सीझनला येते आणि होळी करून जाते. यंदा ती इकडे असतानाच तिच्या तिकडच्या घरी कोर्टाचा कागद आला, भाच्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, ज्युरीत नाव निघालंय, फेब्रुवारीत अमुक तारखेला हजर व्हा. आमच्या घरात एकदम सुतकी कळा. भाचा म्हणतो आजारी आहे असं लिहून देऊ, आमचे हे म्हणतात कागद फाडून टाका, भारताच्या माणसाला ते काय करणार. आक्का काहीच बोलत नाही, कळण्याच्या भाकरी थापत बसते. तिचं इंग्रजी पण कारखान्यातलं. तिला यातून सोडवायचं कसं? आणि आपल्याकडे असं काही नसतं ना?

उत्तर: ताई, आधी कागद फाडू नका. ज्युरी म्हणजे खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवायला कोर्टात बसवलेली साधी माणसं, आक्कावर काही आळ नाही. फाडला असेल तर फोटो आहे ना, त्यावरचा नंबर घेऊन भाच्याला ऑनलाइन उत्तर भरायला सांगा, आक्काच्या वतीने दुसऱ्या कोणी भरलं तरी चालतं, फक्त ते कागद मिळाल्यापासून 7 दिवसांत भरायचं असतं. काहीच कळवलं नाही आणि गेलीही नाही तर 1000 पाउंडापर्यंत दंड होऊ शकतो, म्हणजे आपले लाखाच्या वर. आणि तुमच्या मिस्टरांना सांगा, हा कागद पासपोर्ट बघून निघत नाही, मतदार यादीतून चिठ्ठी काढल्यासारखा निघतो. भारत कॉमनवेल्थमधला देश, त्यामुळे तिकडे रीतसर राहणारा भारतीय पासपोर्टवाला माणूस तिथल्या यादीत नाव घालू शकतो, मतही देऊ शकतो, आणि एकदा नाव आलं की ज्युरीची चिठ्ठीही निघू शकते. वय 18 ते 75, आणि वयाच्या तेराव्या वर्षानंतर निदान 5 वर्षं सलग तिकडे राहिलेलं असलं की झालं. आक्का सगळ्यात बसते. पूर्वी सत्तरी गाठली की नाव आपोआप गळायचं, इंग्लंड आणि वेल्समध्ये 2016 च्या डिसेंबरात ती मर्यादा 75 वर नेली, म्हणून बहात्तराव्या वर्षी कागद आलाय. चुकून वगैरे नाही आला.

आजारपणाचं खोटं अजिबात लिहू नका. एक तर ज्युरी टाळायला खोटी माहिती देणं हाच तिकडे गुन्हा आहे, आणि दुसरं म्हणजे त्याची गरजच नाही. ती आत्ता अमळनेरला आहे, हे खरं कारण आहे आणि पुरेसं आहे. तारीख पुढे ढकलून मागायची. ही सवलत एकदाच मिळते आणि नवी तारीख वर्षाच्या आतली असावी लागते, म्हणून फॉर्ममध्ये पुढच्या वर्षभरात कोणत्या तारखांना जमणार नाही ते नीट लिहायचं, परतीचं तिकीट झालं असेल तर ती तारीख लिहायची, आणि पुढच्या डिसेंबरचं येणं आताच ठरलं असेल तर तेही आताच, कारण दुसऱ्यांदा ढकलून मिळत नाही. एप्रिल-मे मागा, थंडी पण कमी असते.

आता इंग्रजीचं. ज्युरीत बसायला परीक्षा नसते. कोर्टात चाललेलं तिला समजत नाही असं वाटलं तर तसं तिथल्या माणसांना सांगायचं, ते जजसमोर नेतात आणि जज ठरवतो ठेवायची की सोडायची. पण मला नाही वाटत तीस वर्षं सुपरवायझरशी भांडून ओव्हरटाइमचे पैसे काढलेल्या बाईला साक्षीदार काय बोलतोय ते कळणार नाही.

आणि इथं मला एक विचारायचंय, रागावू नका. तुम्ही एवढं मोठं पत्र लिहिलंत, त्यात भाचा काय म्हणतो ते आहे, मिस्टर काय म्हणतात ते आहे, आणि आक्का आहे ती फक्त भाकरी थापताना. तिला कोणी विचारलं का, तुला जायचंय का म्हणून? गप्प बसलेल्या माणसाला जायचंच नाही असं आपण धरून चालतो. कोण जाणे, तिला वाटत असेल की इतकी वर्षं या देशात काढली, टॅक्स भरला, आणि आता कुठं माझं मत कोणीतरी कोर्टात बसवून विचारतंय. माझ्याकडे पक्षकार म्हातारे आले की सोबत आलेला मुलगाच बोलतो, मी त्याला बाहेर चहा प्यायला पाठवते आणि मग आजी बोलायला लागतात, आणि बरंच बोलतात.

तिला जायचं असेल तर थोडं सांगून ठेवते. साधारण 10 कामाचे दिवस धरायचे, खटला लांबला तर जास्त. त्यातला बराच वेळ नुसता वेटिंगच्या खोलीत जातो, वाचायला काहीतरी न्यायचं. बोलावलेल्या घोळक्यातून भर कोर्टात चिठ्ठ्या काढून 12 जण निवडतात, काहींचा नंबर लागतच नाही. लागला तर गीतेवर हात ठेवून शपथ घेता येते, नको असेल तर नुसती प्रतिज्ञाही चालते. गुन्हा झाला की नाही एवढंच ज्युरीने ठरवायचं, कायदा काय तो जज समजावून सांगतो आणि शिक्षाही जजच देतो, त्यामुळे माझ्या हातून कोणाला जेल झाली असली टोचणी एकट्या आक्काने घ्यायचं कारण नाही. आधी बाराही जणांचं एकमत व्हावं असं बघतात, बराच वेळ झाला तरी होत नसेल तर जज 10 विरुद्ध 2 पण मान्य करू शकतो. आपण पाचामुखी परमेश्वर म्हणतो, त्यांनी बाराजण धरलेत इतकंच. पगार मिळत नाही, येण्याजाण्याचा आणि खाण्याचा खर्च ठरलेल्या मर्यादेत मिळतो.

खरी अडचण तुम्हालाच होणार आहे ताई. ज्युरीच्या खोलीत कोण काय बोललं हे बाहेर सांगायचं नाही, निकाल लागल्यावरही नाही, कधीच नाही. खटला चालू असताना त्यातल्या माणसांची नावं मोबाईलवर शोधणं हाही गुन्हा आहे, त्याला 2 वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे रोज रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारणार, आज काय झालं गं, आणि ती म्हणणार, दाय-बट्टी केली होती. फॅमिली ग्रुपवरही चिडीचूप.

आपल्याकडे नसतं ना, असं विचारलंत. आता नसतं, पण होतं. 1908 साली टिळकांवर मुंबईत राजद्रोहाचा खटला चालला तो ज्युरीसमोरच, 9 जणांत 7 युरोपियन आणि 2 पारशी, निकाल 7 विरुद्ध 2 ने गेला आणि टिळक 6 वर्षांसाठी मंडालेला. पुढे 1959 चं नानावटी प्रकरण, नौदलाचा अधिकारी, बायकोच्या मित्राला गोळी घातली, सगळी मुंबई त्याच्या बाजूने, आणि ज्युरीने 8 विरुद्ध 1 ने निर्दोष म्हटलं. जजला ते पटेना, त्याने प्रकरण हायकोर्टात पाठवलं, तिथं जन्मठेप झाली आणि 1961 ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. लोक म्हणतात त्या एका केसने ज्युरी गेली, तसं नाही, ती आधीपासूनच ठिकठिकाणी बंद पडत चालली होती, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मग तिला जागाच ठेवली नाही. शेपूट मात्र उरलंय, पारशी लोकांच्या घटस्फोटाच्या कोर्टात जजसोबत समाजातले 5 जण अजून बसतात.

प्रश्न: मी शहाद्याचा, वय 68. मुलाने ग्रीन कार्ड करून दिलं, वर्षातले आठ महिने न्यू जर्सीत असतो. तिकडून ज्युरीचा फॉर्म आलाय. मी तर सिटिझन नाही, मग मला कसा आला? सून म्हणते सगळीकडे हो करून टाका पप्पा, नाहीतर प्रॉब्लेम होईल.

उत्तर: काका, सुनेचं इथं ऐकू नका. तिकडची यादी नुसती मतदारांची नसते, ड्रायव्हिंग लायसन्सवाले आणि राज्याचा टॅक्स भरणारे यांचीही नावं त्यात ओढतात, तुम्ही लायसन्स काढलं असणार, म्हणून आलाय. अमेरिकेत ज्युरीत फक्त नागरिक बसतो. फॉर्ममध्ये नागरिक आहात का, तिथं नाही करायचं आणि पाठवून द्यायचं, विषय संपला. फेकून द्यायचा नाही. आणि चुकूनही हो करायचं नाही, नागरिक नसताना नागरिक आहे म्हणून सांगणं तिकडे फार महागात पडतं, ग्रीन कार्डच धोक्यात येतं. पुढे कधी सिटिझन झालात आणि पंचाहत्तरी झाली, तर न्यू जर्सीत वयाच्या कारणावरून सुटका मागता येते. मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

प्रश्न: मॅडम, मी यावल तालुक्यातला, केळीवाला शेतकरी, वय 71. आठ वर्षांपूर्वी शेजारच्या शेतातली मोटर आणि केबल चोरीला गेली, पोलिसांनी मोटर सापडली तेव्हा मला आणि अजून एकाला पंच म्हणून उभं केलं, सह्या घेतल्या. आता कोर्टाचं समन्स आलंय. दुसरा पंच वारला. साठीच्या पुढच्या माणसाला बोलावता येत नाही असं मोबाईलवर आलं होतं ते खरं का? मला आता काही आठवत नाही आणि घरचे म्हणतात कशाला त्या भानगडीत पडले होते.

उत्तर: दादा, मोबाईलवर आलं ते अर्धं खरं आहे. तपास चालू असताना पोलिसांनी 60 वर्षांवरच्या पुरुषाला साक्षीसाठी ठाण्यात या म्हणायचं नाही, त्यांनी घरी यायचं, हा नियम आहे, जुन्या कायद्यात 65 होतं, 2024 च्या जुलैपासून नव्या कायद्यात 60 केलं. पण तो पोलिसांसाठी. कोर्टाच्या समन्सला वयाची सूट नाही, जावंच लागतं. नाही गेलात तर वॉरंट निघतं, पहिलं बहुतेक जामीनपात्र, आणि मग हवालदार गावात येऊन तुमचं नाव विचारतो, ते जास्त वाईट दिसतं. अंथरुणाला खिळला असाल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लावून अर्ज द्यायचा, व्हिडिओवरून साक्ष घ्यायचीही आता सोय आहे, ती मागता येते.

पंच म्हणजे आरोपी नाही आणि ज्युरीही नाही. तुम्हाला निकाल द्यायचा नाही. तुमच्यासमोर काय झालं तेवढं सांगायचं.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक साक्ष सांगते. गिरणेच्या पात्रातला वाळूचा ट्रॅक्टर, पंच पंचाहत्तरीचे बाबा, पांढरं धोतर, टोपी. सरकारी वकिलांनी पंचनामा पुढे धरला, सही तुमचीच का? बाबांनी खिशातून चष्मा काढला, एक काडी सुतळीने बांधलेली, कागद खिडकीच्या उजेडाला नेला, पुरता एक मिनिट बघितलं, आणि म्हणाले, "सही मनीच शे, पन कागद मी वाचेल नही." सगळं कोर्ट हसलं, बाबा नाही हसले. मग आमच्या बाजूचे सीनियर उठले, म्हणजे तुम्ही तिथं नव्हताच ना? बाबा म्हणाले होतो, ट्रॅक्टर लाल होतं, पुढचं एक चाक पंक्चर होतं, आणि साहेबांनी मला उभं करून चहा पाजला नाही. चाकाचं पंक्चर पंचनाम्यात लिहिलेलं होतं. आमची केस तिथंच ढिली पडली. आरोपीची वकील असून सांगते, मला बाबा आवडले.

तुम्हीही तेच करा. आठवतं ते सांगा, नाही आठवत ते "आठवत नाही" म्हणा, यात काही चूक नाही. साक्षीच्या आधी सरकारी वकिलांना भेटा, तुमची सही असलेला पंचनामा वाचायला मागा, वाचला की शेत, विहीर, मोटर कुठल्या बाजूला होती हे हळूहळू वर येतं. न वाचता सही केली असेल तर तसं सांगून टाका, पोलिसांना राग येईल, येऊ द्या. आरोपीच्या घरचे किंवा फिर्यादी तुमच्या शेतात येऊन "काका एवढंच बोला" म्हणाले तर बोलणं तिथंच थांबवायचं. सही माझी नाहीच असं खोटं बोललात तर सरकारी वकील तुम्हाला फितूर ठरवून उलटे प्रश्न विचारतात, आणि एकाहत्तराव्या वर्षी ते फार जीवावर येतं.

सकाळी अकराला पोचा, समन्स, आधार आणि चष्मा सोबत ठेवा. बाकड्यावर बराच वेळ जाईल, कदाचित तारीखही पडेल, तेव्हा डबा आणि गोळ्या न्या. निघताना कोर्टाच्या क्लार्ककडे भत्ता मागा, येण्याजाण्याचा खर्च द्यायचा कोर्ट आदेश करू शकतं, रक्कम फार नसते आणि पुष्कळ जण मागतच नाहीत. आणि घरच्यांना सांगा, मोटर उद्या तुमची गेली तर पंच म्हणून शेजाऱ्यालाच हाक मारावी लागेल.